नागीण, हर्पीस आणि स्टुटगार्टहून आलेली लिंक

स. न.
आम्ही इंदिरानगरला राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांच्या डाव्या कुशीत आग आग व्हायला लागली, दोन दिवसांनी लाल पुरळ आणि त्यावर पाण्याचे फोड उठले. शेजारच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या, ‘नागीण आहे ही.’ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं ‘हर्पीस’, पुढे काहीतरी गिचमिड. घरी येऊन मी फोनवर ‘हर्पीस’ टाकलं आणि जे समोर आलं ते वाचून फोन पालथा ठेवला. शरीरसंबंधातून होणारा रोग म्हणे! सासरे जाऊन बारा वर्षं झाली. आता हे कुणाला विचारू? मग मराठीत ‘नागीण’ टाकलं, तर मालिका, सर्पमित्र आणि एक बुवा.
त्यात घरात भाषांचा घोळ. सासूबाई फक्त मराठी वाचतात. नागिणीची दोन टोकं कमरेभोवती जुळली की माणूस जातो, ही एकच भीती त्यांनी धरून ठेवली आहे. मुलगा स्टुटगार्टला असतो, त्याने ‘आई, हे वाच’ म्हणून जर्मन पानाची लिंक पाठवली. सासूबाईंचं करायला येणारी मुलगी बिहारची आहे, हिंदी वाचते, पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला येऊ द्यायचं की नाही? विश्वासाने वाचावं असं काही इंटरनेटवर आहे का, आणि ते शोधायचं कसं?
एक सून, इंदिरानगर

ताई,

तुमचा ईमेल आला त्याच संध्याकाळी मी दोन ओळी उलट पाठवल्या होत्या: गोळ्या आजच सुरू करा, आणि त्या मुलीला एक प्रश्न विचारून होईपर्यंत सासूबाईंच्या खोलीत पाठवू नका. एवढ्या दोन गोष्टी रविवारपर्यंत थांबणाऱ्या नव्हत्या. नागिणीवरच्या विषाणूविरोधी गोळ्या, म्हणजे असायक्लोव्हिर किंवा त्याच कुळातल्या, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. गोळ्या सुरू झाल्याचं तुम्ही कळवलंत. आता निवांत बोलू.

आधी तो फोन सुलटा करा. चिठ्ठीवरचं गिचमिड बहुतेक ‘झोस्टर’ असणार. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला तरी ‘झेड’ दिसतो. ‘हर्पीस झोस्टर’ म्हणजे आपली नागीण. तुम्ही जे वाचून घाबरलात तो ‘हर्पीस सिम्प्लेक्स’. दोन्ही विषाणू एका कुळातले असले तरी वेगळे. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच तंतूच्या वाटेने पुन्हा वर येतो. सासूबाईंना बहुतेक साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कांजिण्या आल्या असतील. त्यांच्या चारित्र्याचा इथे काडीचा संबंध नाही, आणि तुम्ही हे कुणाला सांगितलंत तर वाईट वाटायचंही कारण नाही.

मी तीस वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. आजार शोधताना माणसं जिथे वाट चुकतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते: नाव अर्धं घेतलेलं असतं. माझीही एक चूक सांगते. ओळखीच्या एका काकांना ‘संधिवात’ झालाय म्हणून मी हौसेने माहिती छापून दिली. त्यांना होता आमवात. झिजेचा संधिवात वेगळा, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात वेगळा. काका महिनाभर चुकीचे कागद देवासारखे जपत होते. तेव्हापासून मी कुणाला काही शोधून द्यायच्या आधी विचारते, ‘चिठ्ठी दाखवा. पूर्ण नाव काय लिहिलंय?’

नाव वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारा, त्यांना ते हस्ताक्षर येतं. नाहीतर पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘निदान मोठ्या अक्षरात, पूर्ण लिहून द्या.’ त्यात लाजण्यासारखं काही नाही. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर कधी निदानाशेजारी एक अक्षर आणि आकडे असतात. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातला आजाराचा क्रमांक. नागिणीचा ‘बी ०२’. जर्मनीतल्या डॉक्टरांच्या कागदावरही तोच असतो, म्हणून तुमच्या मुलाशी बोलताना घोटाळा नको असेल तर हा क्रमांक सांगावा.

आता शोधायचं कुठे. नेहमीचं सर्च म्हणजे आपला मेन रोड. गर्दी जिकडे तिकडे तुम्ही ढकलले जाता, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा माल आधी दिसतो. ‘नागीण’ या शब्दावर सगळ्यात जास्त बोटं मालिकेवर पडत असतील तर त्यात त्या यंत्राचा काय दोष? आरोग्यासाठी केलेली शोधसाधनं ‘सावाना’च्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, काउंटरसारखी असतात. आत काय ठेवायचं ते कुणीतरी निवडलेलं असतं, आणि काउंटरमागच्या माणसाला एकाच गोष्टीची चार नावं माहीत असतात. नागिणीला तुम्ही इंग्रजीतलं ‘शिंगल्स’ म्हणा नाहीतर ‘झोस्टर’, तो एकाच कपाटाकडे जातो.

असं मला भरवशाचं वाटणारं पहिलं ठिकाण म्हणजे मेडलाइनप्लस. पत्ता मेडलाइनप्लस डॉट गव्ह. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ते १९९८ साली सामान्य माणसांसाठी सुरू केलं. जाहिराती नाहीत, काही विकत नाहीत, आणि पानांवर तारीख असते. मूळ मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, पण ‘अनेक भाषांतली आरोग्य माहिती’ असा एक वेगळा विभागही आहे. त्यात भाषेच्या नावाने शोधता येतं आणि हिंदी आहे. पत्रकं वेगवेगळ्या संस्थांची असतात आणि हिंदीसोबत तेच इंग्रजीतही मिळतं, त्यामुळे शेजारी ठेवून ताडून बघता येतं. प्रत्येक आजाराचं पत्रक मिळेलच असं नाही. मिळालं तर त्या मुलीच्या हातात द्यायला मशीनने उलथवलेल्या मजकुरापेक्षा शंभरपट बरं.

पबमेडचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तेही त्याच ग्रंथालयाचं, पण डॉक्टर आणि संशोधकांच्या कामाचं. एकेका शोधनिबंधाचा गोषवारा वाचून घरच्या माणसाच्या गोळ्यांबद्दल मत बनवायला जाऊ नका. मी तीस वर्षं ग्रंथालयात राबले, तरी माझ्या स्वतःच्या गुडघ्यासाठी पबमेड उघडत नाही.

मुलाची लिंक मी उघडून बघितली. पोराने पान चांगलं निवडलंय. कोलोन शहरात आरोग्यसेवेतल्या उपचारांची पारख करणारी एक स्वतंत्र संस्था आहे, तिने लोकांसाठी चालवलेलं ते पान. गंमत म्हणजे तीच संस्था तोच मजकूर इंग्रजीतही देते, इन्फॉर्म्ड हेल्थ डॉट ऑर्ग या पत्त्यावर. म्हणजे जर्मन पान मशीनमधून मराठीत आणायची गरजच नाही. परदेशी भाषेतली लिंक आली की भाषांतराचं बटण दाबायच्या आधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायची सोय आहे का ते बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर ती सहा भाषांत असते: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी, चिनी. आपली त्यात नाही. राग येतो, पण येऊन उपयोग नाही.

त्या जर्मन पानावर नागिणीचं नाव काय आहे माहितीये? ‘ग्युर्टलरोझं’, म्हणजे कमरपट्ट्याचा गुलाब. ‘झोस्टर’ हा ग्रीक शब्द, त्याचाही अर्थ कमरपट्टा. इंग्रजी ‘शिंगल्स’ लॅटिनमधल्या पट्ट्यावरूनच आला. आणि स्पॅनिशमध्ये लोक म्हणतात ‘कुलेब्रिया’, म्हणजे छोटी सापीण! पुढे ऐका. ‘हर्पीस’ हा शब्द ग्रीकमधल्या ‘सरपटणे’ या क्रियापदावरून आलाय, आणि तो आपल्या ‘सर्प’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे लिहिलं आणि शेजारच्या काकू जे बोलल्या ते शब्द वेगळे, पण दोन्हींमागे सरपटण्याचीच कल्पना. हे सासूबाईंना जरूर सांगा. मला हे कळलं त्या दिवशी मी ग्रंथालयात एकटीच हसत बसले होते.

आणि त्यांच्या भीतीचं उत्तरही त्या पट्ट्यातच आहे. पाठीच्या कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूची पट्टी सांभाळतो, डावा डावीकडची, उजवा उजवीकडची. विषाणू ज्या तंतूत जागा झाला त्याच्याच पट्टीवर फोड उठतात. म्हणून नागीण पाठीच्या मध्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबते. पलीकडे जायला तिला वाटच नाही. दोन तोंडं जुळायचं राहतं ते त्यामुळे, कुणा बुवाने मंत्र घातल्यामुळे नव्हे. पुरळ अंगभर पसरायला लागलं, तापासोबत बोलणं असंबद्ध झालं, किंवा फोड डोळ्याजवळ अगर नाकाच्या शेंड्यावर आले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. डोळ्याच्या बाबतीत तर रात्र मध्ये जाऊ द्यायची नाही. फोड सुकल्यावरही काही जणांना त्या जागी आग, ठणका महिनोन्महिने राहतो. सासूबाई तसं म्हणाल्या तर ‘आता फोड तर गेले’ म्हणून उडवून लावू नका. त्यावर वेगळी औषधं असतात.

मराठीत काय आहे, हा तुमचा खरा प्रश्न. आहे, पण विखुरलेलं. केंद्र सरकारचं विकासपीडिया आहे, त्यात मराठीत आरोग्याचा विभाग आहे. आहार, लसीकरण, सरकारी योजना यांसाठी बरं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि त्यातल्या जुन्या वैद्यकीय नोंदी भाषेच्या दृष्टीने इतक्या नेटक्या आहेत की आजचे आरोग्यलेखक लाजावेत. पण त्याचा पहिला खंड निघाला १९७६ साली. आजाराचं वर्णन चाळीस-पन्नास वर्षांत बदलत नाही, औषधं बदलतात. नागिणीवरच्या ज्या गोळ्या सासूबाई आज घेतायत त्या तेव्हा बाजारात नव्हत्या. म्हणून विश्वकोशातून आजार समजून घ्या, उपचार नको. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. मराठी वैद्यकीय शब्दावरून इंग्रजी गाठायला किंवा उलट, ते कामाचे. आणि एक आडवाट: इंग्रजी विकिपीडियावर आजाराचं पान उघडायचं आणि भाषांच्या यादीतून हिंदी, जर्मन, मिळालं तर मराठी निवडायचं. मजकूर वाचायला नव्हे, फक्त वरचं नाव टिपून घ्यायला.

शोधताना एक युक्ती वापरा. नेहमीच्याच सर्चमध्ये आजाराचं इंग्रजी नाव टाका, मग जागा सोडून इंग्रजीत ‘साईट’ हा शब्द, त्याला चिकटून वर-खाली दोन टिंबं, आणि त्याला चिकटून ज्या संस्थेतलं हवंय तिचा पत्ता. मेन रोडवर उभं राहून फक्त एकाच दुकानाचं दार उघडल्यासारखं होतं. बुवा बाहेर राहतो.

बुवावरून आठवलं. तुम्ही जो फॉरवर्ड पाठवलात, ‘सात दिवसांत नागीण मुळासकट’, त्याची शेवटची ओळ परत वाचा. लेपाची किंमत आणि मोबाईल नंबर. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. आणि सातच दिवस कसे? नागिणीचे फोड साधारण सात ते दहा दिवसांत आपले आपण खपली धरतात. लेप लावला काय अन् न लावला काय. बुवाचं गणित पक्कं आहे, एवढं मान्य करायला हवं.

काही पानांच्या तळाशी ‘हॉनकोड’ नावाचा विश्वासार्हतेचा शिक्का दिसेल. जिनिव्हाची एक संस्था वर्षानुवर्षं आरोग्याची संकेतस्थळं तपासून तो देत असे, आणि मीही विद्यार्थ्यांना तो बघायला सांगत असे. २०२२च्या डिसेंबरमध्ये ते काम कायमचं बंद झालं. शिक्के अजून कुठे कुठे चिकटलेले आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. सर्चच्या वरती हल्ली जे तयार उत्तर येतं त्याचंही तसंच. त्याखाली कुठून घेतलं ते दिलेलं असतं, तिथे जाऊन मूळ पान वाचायचं. उत्तर मराठीत सुरेख आलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

भाषांतराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या घरात चार भाषा आहेत आणि घात तिथेच होतो. ‘शिंगल्स’ या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ छपरावर घालायच्या पट्ट्या. एका बाईंनी मला मराठी केलेलं पान दाखवलं होतं, त्यात ‘छपरावर वेदना’ होत होत्या. ते हसून सोडता येतं. पण ‘शिंगल्स’चं हिंदी कधी ‘दाद’ करून येतं, तेव्हा हसू नका. हिंदीत दाद म्हणजे आपला नायटा. तुमच्याकडची मुलगी ते वाचेल आणि मेडिकलमधून नायट्याचं मलम आणून प्रेमाने लावेल. स्पॅनिशमधला किस्सा तर औषधवाल्यांना पाठ असतो. ‘दिवसातून एकदा’मधला इंग्रजी ‘वन्स’ हा शब्द जसाच्या तसा स्पॅनिशमध्ये राहिला, तर त्याच अक्षरांचा अर्थ होतो ‘अकरा’.

म्हणून भाषांतर करून वाचलेल्या पानातले आकडे आणि वेळेचे शब्द मूळ पानाशी जुळवायचे, आणि डोस तर इंटरनेटवरून घ्यायचाच नाही. आमवातावर मेथोट्रेक्सेट देतात ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. कुणी रोज घेतली तर जिवावर बेतते. ‘आठवड्यातून’ हा एक शब्द गळायला किती वेळ लागतो? सासूबाईंच्या गोळ्या दिवसातून किती आणि किती दिवस, ते फक्त चिठ्ठीवर बघा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टर त्यांचं प्रमाण बदलतात, ते कुठल्याच पानाला ठाऊक नसतं.

सासूबाईंसाठी तुम्ही स्वतःच एक कागद लिहा. मोठ्या अक्षरात, पाच-सहा ओळी: हे कांजिण्यांच्याच विषाणूचं आहे. एकाच बाजूला राहतं. टोकं जुळत नाहीत. फोड फोडायचे नाहीत, सुती कपड्याने झाकून ठेवायचे. डोळ्याजवळ काही वाटलं तर लगेच सांगायचं. त्या पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात असं तुम्ही लिहिलंय, तर हाही वाचतील. लिहून झाल्यावर डॉक्टरांना दाखवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि तुमचं स्वतःचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर त्याच खेपेला झोस्टरच्या लसीबद्दल विचारा. ५० वर्षांवरच्यांसाठी ती २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस असतात, स्वस्त नाही.

राहिली ती मुलगी. नागीण एकाची दुसऱ्याला होत नाही. पण ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत आणि लसही झाली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात त्या बाईला आणि बाळाला, दोघांनाही जड जातात. सगळ्या फोडांवर खपली धरली की हा धोका संपतो. तिला विचारायचा प्रश्न एवढाच, पण मशीनला विचाराल तर ते लिहून देईल ‘क्या आपको चिकनपॉक्स हुआ था?’ आणि ती गोंधळून नाही म्हणेल, किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. तिच्या गावाकडच्या शब्दांत विचारा: ‘बचपन में छोटी माता निकली थी क्या?’ आठवत नसेल तर तिच्या समोरच तिच्या आईला फोन लावा. आयांना हे बरोबर आठवतं.

हो म्हणाली तर फोड झाकलेले ठेवून, हात धुऊन ती नेहमीसारखी काम करू शकेल. नाही म्हणाली, किंवा आईलाही खात्री नसेल, तर पुरळ उठल्यापासून ती सासूबाईंचं अंग पुसायला, कपडे बदलायला होती हे तिने तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना आजच सांगायला हवं. पुढच्या तपासणीपर्यंत थांबून चालणार नाही. नाव घालायला जिथे गेली असेल तिथे तुम्हीच रिक्षाने घेऊन जा आणि चिठ्ठीचा फोटो सोबत न्या, म्हणजे तिथेही कुणी ‘हर्पीस’ एवढंच वाचून भलता अर्थ काढणार नाही. मग खपल्या धरेपर्यंत तिला सुट्टी द्या. पगार कापू नका.